गाडीअण्णांची न दिसणारी गाडी

रविवार, १४ नोव्हेंबर १९३७. संध्याकाळी पाच. हुबळी. हजर: अध्यक्ष वकीलसाहेब, नायकाचं काम करणारे पोस्टातले देशपांडे, नायिकेचं काम करणाऱ्या, धारवाडच्या कन्याशाळेतल्या शिक्षिका सुमतीबाई, कार्यवाह म्हणून मी, आणि खुर्ची रिकामी असूनही भिंतीला टेकून उभे असलेले गाडीअण्णा. नाटककार सांगलीला होते, त्यांचं पत्र हजर होतं. विषय एकच. नव्या नाटकाचा तिसरा अंक सगळाच्या सगळा रेल्वेच्या डब्यात घडतो, त्याचं काय करायचं?

आमच्या हौशी मंडळाच्या सभांच्या नोंदी मीच ठेवायचो. त्या दिवशीच्या पानावर 'निर्णय' या शब्दापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: 'झाला नाही. अण्णा मध्येच उठून गेले.' त्यात एक चूक आहे. अण्णा बसलेलेच नव्हते, त्यामुळे उठण्याचा प्रश्न येत नाही.

अण्णा तेव्हा पन्नाशीचे असतील. लग्न केलेलं नव्हतं. बाजारात त्यांच्या घरचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं आणि ते त्यांचे थोरले भाऊ चालवायचे. त्या भावाला सगळा बाजार अप्पा म्हणायचा. दोन पिढ्यांपूर्वी कोल्हापूरकडून आलेलं हे घराणं. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कानडी आणि हिशेब करताना दोन्ही. अण्णांना दुकानात एकच काम जमायचं: भांडं वाजवून बघणं. बोटाच्या पेराने टिचकी मारायची, कान जवळ न्यायचा आणि सांगायचं, हे चांगलं, हे सांध्यात कच्चं. गिऱ्हाईक समोर असतानाही ते कच्चं भांडं कच्चंच सांगायचे. म्हणून अप्पा त्यांना शक्यतो आतल्या कोठारात ठेवायचे.

त्या कोठारातूनच आमच्या रंगमंचावर गाडी आली. पितळी मोठ्या परातीत दोन मापटी जोंधळा घेऊन ती एका लयीत फिरवली की लांबून येणारी पॅसेंजर. जोंधळ्याऐवजी हरभरे घेतले की मालगाडी. लोहाराचा भाता म्हणजे वाफ. अरुंद तोंडाच्या तांब्यात फुंकलं की इंजिनाची शिट्टी, आणि तांब्यात पाणी किती यावर इंजिन जुनं की नवं ते ठरायचं. पुलावरून जाणारी गाडी हवी असेल तर हंडा पालथा घालायचे. प्रयोग झाला की जोंधळा निवडून घरी परत जायचा आणि त्याच्या भाकऱ्या व्हायच्या. त्यांच्या थोरल्या बहीण, अक्का, म्हणायच्या की आमच्या घरी नाटकाच्या मोसमात भाकरीला पितळेचा वास येतो.

गाडी रंगमंचावर दिसता कामा नये, यावर अण्णा ठाम होते. इतर गावांत पुठ्ठ्याचं इंजिन कापून, रंगवून, दोरीने ओढत न्यायचे. एकदा गदगच्या एका मंडळाने तसं इंजिन इथे आणलं होतं. ते मधेच अडकलं आणि विंगेतून एक हात बाहेर येऊन त्याने त्याला ढकललं. अण्णा बाकावरून उठून बाहेर गेले आणि नाटक संपेपर्यंत आत आले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "फलाटावर गाडीकडं कोण बघतंय? माणूस माणसाकडं बघतो. गाडी त्यांच्या तोंडावर दिसली पाहिजे." म्हणून ते प्रेक्षकांकडे तोंड करून नट उभे करायचे आणि बाजूच्या विंगेत, खिडक्या कापलेल्या फळीमागून एक माणूस गॅसबत्ती घेऊन चालायचा. नटांच्या चेहऱ्यावरून उजेडाचे चौकोन सरकत जायचे. बस्स, गाडी आली. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी अंगावर काटा आल्याची नोंद केली आहे. सभांच्या वहीत नव्हे, माझ्या स्वतःच्या वहीत.

हुबळीत ही गोष्ट सोपी नव्हती. बेळगावात खपेल ते इथे खपत नाही. आमचे अर्धे प्रेक्षक रेल्वेचे: फिटर, फायरमन, गार्ड, तिकीटवाले. आधी घंटा, मग गार्डची शिट्टी आणि झेंडा, मग इंजिनाचं उत्तर, मग गाडी हलणार. हा क्रम चुकला की पुढच्या बाकावरून कुणीतरी सांगायचंच. एकदा आमच्या नाटकातल्या स्टेशनमास्तरने घंटेआधी हात वर केला, तर एक वयस्कर गार्ड शांतपणे उठून उभे राहिले आणि त्याने हात खाली घेतल्यावरच बसले. अण्णांना अशा प्रेक्षकांचा अभिमान होता. त्यांच्या परीक्षेत पास होण्यासाठी ते रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन फलाटाच्या टोकाला उभे राहायचे. हमालांना वाटायचं, यांचं कुणीतरी यायचं आहे.

आणि इतकं सगळं असून हा माणूस आयुष्यात एकदाही रेल्वेत बसलेला नव्हता.

हे मला उशिरा कळलं. धारवाडला प्रयोग असला की सामान बैलगाडीने जायचं आणि अण्णा पहाटे निघून रुळांच्या कडेने चालत यायचे. मला वाटायचं, ही सामानाची काळजी. मी कारण विचारत गेलो आणि मला दर वेळी वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाले, मी आत बसलो तर गाडी बघणार कोण? एकदा म्हणाले, बाहेरून गाडी म्हणजे येणं आणि जाणं, आत शिरलं की नुसतं बसणं. मला ही दोन्ही उत्तरं आवडली आणि दोन्ही खरी वाटली नाहीत. शेवटी अक्कांनी सांगितलं. लहानपणी कलघटगीला मामाकडे जाताना बैलगाडीत बसवलं की हा ओकायचा. मग वडील त्याला गाडीमागून चालवायचे. तेव्हापासून तो चालतोच आहे.

आता त्या सभेआधीच्या वर्षी काय झालं ते सांगतो, कारण सभेत सगळ्यांच्या मनात तेच होतं. आमचं थिएटर स्टेशनच्या जवळ. खरी शिट्टी नाटकात घुसायची आणि नटांचा रसभंग व्हायचा. अण्णांनी उलटा विचार केला. शिट्टी येणारच आहे तर ती वापरावी. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगा आईला सोडून शहराला जातो. माझ्याकडून वेळापत्रक घेऊन, पडदा उघडायची वेळ मागेपुढे करून त्यांनी असं जुळवलं की पुण्याकडच्या गाडीची खरी शिट्टी बरोबर त्या निरोपावर यावी. परात नको, तांब्या नको. मी याद्या केल्या, घड्याळं लावली. माझाही यात हात होता, हे नोंदवलं पाहिजे.

त्या दिवशी गाडी उशिरा आली.

देशपांडे आईच्या पाया पडले. शिट्टी नाही. परत पडले. मामाच्या पाया पडले. संवाद संपले होते, विंगेतून संवाद सांगणारा हताश होऊन पानं उलटत होता. देशपांडे स्टेशनमास्तरच्या पाया पडले आणि मग, काही सुचेना म्हणून, हमालाच्याही. पुढच्या बाकावरून एका फायरमनने मायेने सांगितलं, "गाडी लेट ऐती. कूड्रि." गाडीला उशीर आहे, बसा. सगळं थिएटर हसलं, आई झालेला नटही हसला, आणि आम्ही पडदा टाकला. खरी शिट्टी झाली ती तिसऱ्या अंकात, बाप अखेरचे श्वास घेत असताना.

तर नोव्हेंबरच्या त्या सभेत वकीलसाहेबांनी सुचवलं की मिरजेहून फिरता पडदा आणावा. दोन उभ्या दांड्यांवर गुंडाळलेलं लांब कापड, त्यावर झाडं, तारेचे खांब, डोंगर रंगवलेले. डब्याच्या खिडकीमागून ते फिरवलं की गाडी धावते. ते अण्णांना म्हणाले, "तुमची गाडी फलाटावर येते ती छान येते, अण्णा. पण हा अंक डब्याच्या आत आहे. तुम्ही आतून कधी पाहिली आहे का ती?"

अण्णा सरळ निघून गेले. वकीलसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना एकच ठाऊक नव्हतं, जे मला ठाऊक होतं. कलघटगीला अप्पांचं दुसरं दुकान होतं आणि ते सांभाळायला घरचा माणूस नव्हता. अप्पांनी अण्णांना बजावलं होतं की मंडळाला तुझं काम आहे तोवर हुबळीत राहा. ते काम संपलं की तू तिकडं जा. फिरता पडदा आला असता तर ते संपलंच होतं. कलघटगीला बाजार आहे, शेतं आहेत, चांगली माणसं आहेत. रेल्वे नाही.

मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. अण्णा कोठारात घागरी वाजवत बसले होते. मी सरळ सांगितलं की प्रयोग जानेवारीत आहे, पडद्याची मागणी मला आठ दिवसांत पाठवायची आहे, तेव्हा येत्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरने धारवाडला जायचं. तिसरा वर्ग, जाऊन येऊन. त्यांनी तीन घागरी वाजवल्या आणि चौथीला म्हणाले, "आलं घेऊन ये."

मी आलं नेलं, लिंबू नेलं आणि डब्यात काय काय बघायचं याची यादी नेली: झोके, खिडकी, उजेड, सामान कुठे ठेवतात, पाय कसे ठेवतात, बोगी जोडताना बसणारा धक्का. अण्णा फलाटावर नेहमीच्या जागी उभे राहिले. गाडी आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे जुन्या ओळखीच्या माणसासारखं पाहिलं. दारातल्या दांडीला हात लावला आणि काढून घेतला. मागून एक शेतकरी म्हणाला, "हत्तरी, हत्तरी," म्हणजे चढा की हो, आणि त्याच्या गाठोड्याच्या रेट्याने अण्णा आत गेले.

त्यांनी माझ्या यादीतलं काहीही पाहिलं नाही. बसल्याबरोबर डोळे मिटले, आल्याचा तुकडा गालात धरला आणि दोन्ही हातांनी बाक पकडला. कपाळावर घाम होता. मी खिडकीतून दिसणारं लिहून घेत होतो. समोर दोन बायका होत्या. त्यातली थोरली शेजारणीला काहीतरी सांगत होती. चाकांच्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून तोंड कानाशी नेऊन, पण चांगलं ओरडून. आम्हाला त्यातलं अक्षर समजत नव्हतं.

अमरगोळच्या अलीकडे सिग्नल पडलेला नव्हता. गाडी एकदम थांबली. आणि त्या शांततेत बाईचं वाक्य त्याच वरच्या पट्टीत पुढे गेलं: "…आणि पोरानं सुनेवर हात टाकला, मी दार लावून घेतलं."

सगळा डबा वळला. बाईने पदर ओढून घेतला. कुणी खोकलं. बाहेर इंजिन सुस्कारत होतं, तेवढाच काय तो आवाज. आता पहिलं कोण बोलणार, हे डब्यातल्या कुणालाच समजत नव्हतं.

अण्णांनी डोळे उघडले. गाडी हलली. मग माझ्याकडे झुकून, आता त्यांनाही ओरडावंच लागत होतं, म्हणाले, "आत बसलेल्याला गाडी दिसत नाही रे. ऐकूही येत नाही. गाडी त्याच्या आवाजात असते. थांबते तेव्हा कळतं, आपण केवढ्यांदा बोलत होतो ते."

धारवाडला उतरल्यावर ते फलाटाच्या कडेला जाऊन ओकले. तोंड धुतलं, लिंबू चोखलं आणि परत चालत येतो म्हणाले. परतीचं तिकीट होतं, पण मी आग्रह केला नाही. त्यांचं काम झालं होतं.

नाटकाच्या तिसऱ्या अंकात नवरा बायकोला सणासाठी म्हणून माहेरी घेऊन निघालेला असतो. तो तिला कायमची सोडायला चालला आहे, हे त्याने सांगितलेलं नसतं. डब्यात चार प्रवासी आहेत. ती बोलते बोलते आणि शेवटी विचारते. अण्णांनी ठरवलं: परात नाही, भाता नाही, उजेड नाही, काही नाही. दोन बाकं. पडदा उघडल्यापासून सगळे नट खडखडाटावर मात करायची म्हणून वरच्या आवाजात बोलतील. आणि तिच्या त्या प्रश्नावर गाडी थांबेल.

वकीलसाहेब म्हणाले की लोक विचारतील गाडी कुठाय. सुमतीबाईंना मात्र ते पहिल्याच तालमीत पटलं. त्या म्हणाल्या, घरात हळू बोलावं लागतं ते वाक्य गाडीतच ओरडून विचारता येईल. शेवटी तडजोड झाली. फिरता पडदा मिरजेहून येईल आणि मागे तयार उभा राहील. लोकांची चुळबुळ सुरू झाली की वकीलसाहेब विंगेतून दोरी ओढतील. दोरी ओढली की अण्णांचं काय होणार, ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. वकीलसाहेबांनाही.

तालमीत अण्णा विंगेत उभे राहून हाताने गाडी चालवायचे. तळवा वर म्हणजे वेग. तळवा खाली येईल तसा आवाज उतरवायचा. मूठ मिटली की गाडी थांबली. मग मूठ मिटलेलीच. ती उघडेपर्यंत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. माझ्या वहीत प्रत्येक इशाऱ्यापुढे आकडा असतो. मी विचारलं, मूठ किती मोजेपर्यंत मिटलेली? एका तालमीत पाच आले होते, दुसऱ्यात नऊ. ते म्हणाले, आत्ता लिहू नको, लोक समोर बसले की कळेल.

प्रयोग रविवारी दुपारी चारला ठेवला, म्हणजे रात्रपाळीच्या लोकांनाही येता यावं. अप्पा दुसऱ्या रांगेत कडेला बसले होते. पहिले दोन अंक बरे झाले. तिसऱ्याचा पडदा उघडला, नट ओरडायला लागले, आणि लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, यांचं भांडण का जुंपलं? समोरच्या विंगेत वकीलसाहेबांनी दोरी हातात घेतली. मी त्यांच्याकडे बघत होतो, ते प्रेक्षकांकडे. अण्णा कुणाकडेच बघत नव्हते. तळवा वर धरून ते सुमतीबाईंचं बोलणं ऐकत होते, भांडं ऐकावं तसं.

मग पुढच्या बाकावरचा एक फिटर शेजाऱ्याला म्हणाला, "गाडी ओडाक हत्तैती." गाडी धावायला लागली आहे. शेजाऱ्याने मागे सांगितलं, त्याने त्याच्या मागे. हसणं थांबलं. मी पाहिलं की लोक ऐकण्यासाठी पुढे झुकले आहेत, डब्यात झुकतात तसे.

सुमतीबाईंनी विचारलं, अगदी वरच्या आवाजात, "तुम्ही मला कायमची सोडायला निघालात ना?"

अण्णांनी मूठ मिटली.

मी सवयीने मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार. डब्यातले चार प्रवासी तिच्याकडे बघत होते, सगळं थिएटर तिच्याकडे बघत होतं, देशपांडे स्वतःच्या पायांकडे. वकीलसाहेबांच्या हातातली दोरी सैल होऊन जमिनीवर पडली, ते मला ऐकू आलं. कधीतरी अण्णांनी बोटं उघडली आणि देशपांडे, हळू आवाजात, "हो" म्हणाले.

अप्पा नंतर आत आले. दोन बाकांकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कलघटगीला गुमास्त्याला पाठवतो मी." अण्णा परात पुसत होते. या नाटकात ती वापरलीच नव्हती, तरी पुसत होते.

त्यानंतर अण्णांनी आणखी सहा वर्षं आमच्याकडे काम केलं. त्या नाटकाचे अकरा प्रयोग झाले. गाडीत ते पुन्हा कधी बसले नाहीत. तापाच्या साथीत गेले, तेव्हा स्टेशनवरचे तीन हमाल खांदा द्यायला आले होते.

आता नाटककारांचं सांगलीहून पत्र आलं आहे. नाटकाची दुसरी आवृत्ती निघते आहे आणि हुबळीच्या प्रयोगातल्या रंगसूचना त्यांना जशाच्या तशा छापायच्या आहेत. मी वह्या काढून एकेचाळीस सूचना लिहून काढल्या. बेचाळिसावी अडली. वहीत त्या जागी 'मूठ' एवढंच लिहून पुढे रेघ आहे. पहिल्या दिवशी चारानंतर मी मोजायचं विसरलो, आणि नंतरच्या दहा प्रयोगांत त्या जागी प्रत्येक वेळी विसरलो. सुमतीबाई आता बेळगावला असतात. त्यांना पत्र टाकलं. त्यांनी उलट लिहिलं की मी अण्णांच्या हाताकडे बघत होते, मोजणार कशी? देशपांडे म्हणतात, खूप वेळ. वकीलसाहेब म्हणतात, त्यांना वाटलं आता गाडी निघतच नाही.

छापखान्याचं दुसरं स्मरणपत्र परवा आलं. प्रत टेबलावर आहे. 'गाडी थांबते' इथवर लिहून झालं आहे. पुढचा आकडा लिहायचा राहिला आहे.